शेवट माहीत नसताना लिहिलेली पुस्तके : अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीच्या आत्मकथनांच्या पहिल्या आवृत्त्या

जुनीपाने

नमस्कार मंडळी. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीत प्रत्यक्ष उतरलेल्या माणसांच्या आत्मकथनांच्या पहिल्या आवृत्त्या मी गेली चौदा वर्षे जमवतो आहे. मी अटलांटात राहत असल्यामुळे ही पुस्तके अधूनमधून हाती लागतात, कधी एखाद्या घरातील जुन्या सामानाच्या विक्रीत, तर कधी चर्चच्या तळघरात भरणाऱ्या पुस्तकांच्या बाजारात. संग्रह लहानच आहे, दोन कपाटांत मावतो. तरीही तो जमवताना एक गोष्ट मला इतकी ठळकपणे जाणवत गेली की, ती येथे मांडून जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

सुरुवात झाली ती मर्ली एव्हर्स यांच्या ‘फॉर अस, द लिव्हिंग’ या पुस्तकापासून. डबलडे या प्रकाशनसंस्थेने ते १९६७ साली काढले. मर्लीबाईंचे पती मेडगर एव्हर्स हे मिसिसिपीत एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे काम पाहत. १२ जून १९६३ रोजी मध्यरात्रीनंतर ते घरी परतले असता जॅक्सन शहरातील त्यांच्या घरासमोरच त्यांना पाठीत गोळी घालण्यात आली. आरोपी बायरन डी ला बेकविथ याच्यावर १९६४ साली दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा ज्यूरीत सगळे गोरे पुरुष होते, दोन्ही वेळा त्यांचे एकमत झाले नाही आणि आरोपी सुटला. त्याला जन्मठेप झाली ती थेट १९९४ साली. हे सारे मला आधीपासून ठाऊक होते, तरीही पुस्तक वाचताना मी अस्वस्थ झालो. लिहिणाऱ्या बाईंना १९९४ हे साल माहीत नाही. त्यांच्या लेखी खुनी मोकळा आहे, पदरात तीन मुले आहेत आणि न्याय मिळेल असे मानायला कोणतेही कारण समोर नाही. पुढे ज्यांनी याच घटनांवर लिहिले, त्यांच्या वाक्यांत ही अनिश्चितता उतरू शकत नाही, कारण त्यांना पुढचे पान माहीत असते.

तेव्हापासून मी संग्रहाला एक कुंपण घातले. घटना अजून घडत असताना, निकाल लागलेला नसताना लिहिली आणि छापली गेली तीच पुस्तके घ्यायची. डेझी बेट्स यांचे ‘द लाँग शॅडो ऑफ लिटल रॉक’ (१९६२), जेम्स मेरेडिथ यांचे ‘थ्री इयर्स इन मिसिसिपी’ (१९६६), अ‍ॅन मूडी यांचे ‘कमिंग ऑफ एज इन मिसिसिपी’ (१९६८), जेम्स फोरमन यांचे ‘द मेकिंग ऑफ ब्लॅक रेव्होल्यूशनरीज’ (१९७२) ही त्यांतली काही. मेरेडिथ यांचे पुस्तक ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी, जून महिन्यात, मिसिसिपीच्या रस्त्यावरून पायी चालत असताना त्यांना गोळ्या लागल्या. केवळ गोऱ्यांना घेणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवण्याची लढाई संपली म्हणून त्यांनी पुस्तक लिहिले खरे, परंतु लढाई संपलेली नव्हती.

या साऱ्यांत माझे सर्वांत जवळचे पुस्तक म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचे ‘स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम’. हार्पर अँड ब्रदर्स यांनी ते १९५८ साली प्रसिद्ध केले. लेखक तेव्हा अवघा २९ वर्षांचा होता आणि अलाबामातील माँटगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्ध पुकारलेला बहिष्कार यशस्वी होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. वॉशिंग्टनचा मोर्चा, नोबेल पारितोषिक, सेल्मातील मतदानहक्काचा लढा यांपैकी काहीच घडलेले नव्हते. २० सप्टेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ब्लमस्टाइन्स या दुकानात ते याच पुस्तकाच्या प्रतींवर सह्या करत बसले असताना एका मनोरुग्ण स्त्रीने पाकिटे उघडण्याचे धारदार पाते त्यांच्या छातीत खुपसले. पात्याचे टोक महाधमनीला टेकले होते; नुसती शिंक आली असती तरी ते वाचले नसते, असे नंतर सांगितले गेले. ३ एप्रिल १९६८ रोजी मेंफिसमध्ये केलेल्या आयुष्यातील शेवटच्या भाषणात त्यांनी ही आठवण पुन्हा पुन्हा काढली होती. पहिल्या मुद्रणाची प्रत हातात घेतो तेव्हा मला त्या दुकानातील टेबलावर रचलेला गठ्ठा आठवतो.

मजकूर तोच असेल तर पुनर्मुद्रणाने काय बिघडते, असे कोणी विचारील. पुनर्मुद्रण नवी प्रस्तावना घेऊन येते, मलपृष्ठावर नव्या पिढीचे अभिप्राय येतात आणि लेखक आता थोर ठरलेला असतो. पहिल्या आवृत्तीच्या वेष्टणावर, म्हणजे सुट्या कागदी आवरणावर, प्रकाशकाला या माणसाची वाचकांना कोण म्हणून ओळख करून द्यावीशी वाटली, हे दिसते. त्या ओळखीतला संकोच, क्वचित भीतीसुद्धा, मला महत्त्वाची वाटते. ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ माल्कम एक्स’ हे त्याचे सर्वांत उघड उदाहरण. माल्कम एक्स हे कृष्णवर्णीयांचे जहाल नेते. लेखक अ‍ॅलेक्स हेली यांच्या मदतीने तयार झालेल्या त्यांच्या या पुस्तकाचा करार डबलडेशी झाला होता. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम यांची हत्या झाली आणि डबलडेने पुस्तकातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी ग्रोव्ह प्रेसने ते छापले. म्हणून त्याच्या पहिल्या मुद्रणावरचे ग्रोव्हचे नाव हा नुसता ग्रंथसूचीतला तपशील राहत नाही.

आपल्यापैकी कोणी या विषयातील पुस्तके जमवत असल्यास अनुभव जरूर लिहावेत. माझे कुंपण बरोबर आहे का, हेही सांगावे.

संत्रानगरीकर

लेख मनापासून आवडला. मी नागपूरचा आहे, त्यामुळे एक नाव येथे आवर्जून घेतो. रेव्हरंड जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात आमच्या हिस्लॉप कॉलेजात होते. कोरियाच्या युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल ते त्याआधी तुरुंगवास भोगून आले होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास हा त्यांच्या येथील वास्तव्याचा मोठा भाग होता, आणि माँटगोमेरीच्या बसबहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. अमेरिकेत परतल्यावर १९५७ साली त्यांची किंग यांच्याशी भेट झाली आणि लवकरात लवकर दक्षिणेत या, असा आग्रह किंग यांनी धरला. पुढे नॅशव्हिलमध्ये लॉसन यांनी विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे जे शिक्षण दिले, त्यातून १९६०ची तेथील वर्णभेदाविरुद्धची धरणे आंदोलने उभी राहिली. त्या शिबिरांचे फार जिवंत वर्णन त्यांचे विद्यार्थी जॉन लुइस यांच्या ‘वॉकिंग विथ द विंड’ या आत्मकथनात आहे. परंतु ते पुस्तक १९९८चे. म्हणजे आपल्या कुंपणाच्या बाहेर. नागपूरशी इतका जवळचा संबंध असलेला हा धागा आपल्या कपाटात येणारच नाही, याचे वाईट वाटते.

लेखणीवाली

धागाकर्त्यांच्या विवेचनाबद्दल आदर आहे, परंतु कुंपणाबद्दल माझी स्पष्ट हरकत आहे.

‘घटना घडत असताना छापलेले तेच घ्यायचे’ हा नियम कागदावर निःपक्षपाती दिसतो. प्रत्यक्षात त्या काळी ज्यांना प्रकाशक मिळाला त्यांच्याच बाजूने तो झुकतो. माँटगोमेरीचेच उदाहरण घ्या. बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिल्याबद्दल १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली, त्या रात्री बहिष्काराचे पत्रक कोणी तयार केले? अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अ‍ॅन गिब्सन रॉबिन्सन यांनी. त्यांनी रातोरात कॉलेजच्या यंत्रावर पत्रकाच्या हजारो प्रती काढल्या आणि सकाळी आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने गावभर वाटायला सुरुवात केली. बहिष्कार चालवणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षपदी किंग यांची निवड झाली ती त्यानंतर. सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजातील नोकरी असताना आपण हे केले असे १९५८ साली छापून सांगणे त्यांना शक्य तरी होते का? त्यांचे ‘द माँटगोमेरी बस बॉयकॉट अँड द विमेन हू स्टार्टेड इट’ हे आत्मकथन टेनेसी विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढले ते १९८७ साली. रोझा पार्क्स यांचे स्वतःचे पुस्तक तर १९९२चे. आपल्या नियमाने चालले तर माँटगोमेरीच्या लढ्याच्या साक्षीदार म्हणून या दोघीही कपाटाबाहेर राहतात आणि आत उरते ते एकट्या किंग यांचे पुस्तक.

फॅनी लू हेमर यांचे काय करायचे, हेही सांगावे. मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यावर राबणारी ही बाई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून १९६२ साली तिला मळ्यावरून हाकलले, १९६३ साली विनोना येथील तुरुंगात तिला अमानुष मारहाण झाली आणि १९६४ साली अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिने सगळ्या देशासमोर साक्ष दिली. तिचे ‘टु प्रेझ अवर ब्रिजेस’ हे आत्मकथन १९६७ साली जॅक्सनमधून निघाले, ते पुस्तिकेच्या रूपात. पुठ्ठ्याची बांधणी नाही, वेष्टण नाही, मोठ्या प्रकाशकाचे नाव नाही. संग्राहकांच्या याद्यांत अशा पुस्तिकांना दुय्यम स्थान मिळते, याचा मला खेद वाटतो. दलित पँथरचा १९७३चा जाहीरनामा ज्यांनी मूळ स्वरूपात शोधण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. चळवळीचा सर्वांत महत्त्वाचा कागद बहुधा सर्वांत स्वस्त कागदावर छापलेला असतो आणि तोच आधी नाहीसा होतो.

जुनीपाने

@लेखणीवाली, आपली हरकत मी दोन दिवस मनात घोळवली आणि ती मला मान्य करावी लागते. काळाचे कुंपण घालताना ते कोणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. रॉबिन्सन यांचे पुस्तक मी आजवर केवळ संदर्भासाठी, साध्या कागदी बांधणीत ठेवले होते. आता त्याची पहिली प्रत शोधणार आहे.

एक भेद मात्र मला अजूनही राखावासा वाटतो. रॉबिन्सन यांनी उशिरा लिहिले, कारण आधी बोलण्याची सोय नव्हती. त्यांचे मौन हा त्या काळाचाच भाग आहे. याउलट, नव्वदच्या दशकात निघालेली नेत्यांची काही आत्मकथने आपल्या पूर्वीच्या भूमिकांचा हिशेब नीट लावून दाखवण्यासाठी लिहिल्यासारखी वाटतात. ती इतिहासासाठी मोलाची असतील, माझ्या कपाटासाठी नाहीत. लुइस यांचे पुस्तक यांत बसत नाही हेही खरे, कारण त्यात सारवासारव अगदी थोडी आहे. @संत्रानगरीकर, लॉसन यांच्यासाठी ते घेईन.

हेमर यांच्या पुस्तिकेविषयी आपण लिहिले ते शब्दशः खरे आहे. चौदा वर्षांत ती मला एकदाच दिसली, तीही न्यूयॉर्कमधील लिलावाच्या सूचीत, आणि तिची बोली माझ्या आवाक्याच्या फार पलीकडे गेली. आता ती पाहायची तर हार्लेममधील शोम्बर्ग केंद्र किंवा वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाचे मूरलँड-स्पिंगार्न केंद्र अशा संशोधन ग्रंथालयांकडेच वळावे लागेल. शोम्बर्ग केंद्र ज्यांच्या नावाने आहे ते आर्तुरो शोम्बर्ग स्वतः संग्राहक होते. कृष्णवर्णीयांना इतिहास नाही, असे शाळेतील शिक्षकांनी सांगितल्यावर त्याचे पुरावे गोळा करण्यासाठी त्यांनी आयुष्यभर पुस्तके जमवली, आणि १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या १०,००० डॉलरच्या साहाय्याने न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने तो संग्रह घेतला. या क्षेत्रात पुस्तक जमवण्यामागे पहिल्यापासून हे कारण आहे, हे मला नेहमी लक्षात ठेवावेसे वाटते.

प्रूफवाचक

चर्चा उत्तम चालली आहे. मी मुद्रणव्यवसायात होतो, म्हणून पहिले मुद्रण ओळखण्याबद्दल थोडे लिहितो, कारण नव्या माणसाची फसगत तेथेच होते.

प्रत्येक प्रकाशकाची रीत वेगळी असते. हार्परच्या त्या काळातील पुस्तकांत हक्कपृष्ठावर, म्हणजे कॉपीराइटच्या पानावर, ‘पहिली आवृत्ती’ असे इंग्रजी शब्द असतात आणि त्याजवळ दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर महिन्याचे, दुसरे वर्षाचे. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असे पुढे जायचे. मात्र ‘जे’ (J) हे अक्षर गाळलेले आहे, त्यामुळे ऑक्टोबरला ‘के’ (K) येते. १९५८ या वर्षाचे अक्षर एच. तेव्हा ‘स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम’ घेताना दुसरे अक्षर एच आहे का, हे आधी पाहावे आणि शब्द व अक्षरे दोन्ही जुळल्याखेरीज पैसे देऊ नयेत. ग्रोव्ह प्रेसने माल्कम यांच्या पुस्तकात सरळ ‘पहिले मुद्रण’ असे छापले आहे. स्क्रिबनर्सच्या पुस्तकांत ए हे अक्षर पाहायचे. बेंजामिन मेज यांचे ‘बॉर्न टु रिबेल’ (१९७१) त्यांचेच. रँडम हाउसची रीत तर नव्या माणसाला हमखास चकवते. कृष्णवर्णीय कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांचे १९७४चे आत्मचरित्र त्यांनी काढले आणि त्याचे संपादन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी केले. या प्रकाशनाच्या त्या काळातील पहिल्या मुद्रणात, कितवे मुद्रण ते दाखवणाऱ्या आकड्यांच्या ओळीत १ हा आकडा नसतोच. सर्वांत लहान आकडा २ असतो आणि सोबत ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द असतात. दुसऱ्या मुद्रणात फक्त ते शब्द काढून टाकत.

बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी वेगळ्या स्वस्तात छापलेल्या, प्रतींपासून सावध राहावे. आकार आणि वेष्टण मूळ प्रतीसारखेच दिसते, परंतु वेष्टणाच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसते, कागद हलका असतो आणि मागच्या पुठ्ठ्यावर खाली कोपऱ्यात एक लहानसा दाबलेला ठसा बोटाला लागतो. घडीचा किमतीचा कोपरा कापलेला असेल तर बुक क्लबची खूण लपवण्यासाठी कापला की भेट देताना किंमत दिसू नये म्हणून, हे बाकीच्या खुणांवरून ठरवावे. हल्ली वेष्टणाच्या हुबेहूब रंगीत प्रतीही मिळतात. त्या विकणारे प्रामाणिक लोक तसे छापतात. पुढे तिसऱ्या हातात गेल्यावर ते छापलेले कापले जाते.

सह्यांबद्दल धागाकर्त्यांचा अनुभव काय?

जुनीपाने

@प्रूफवाचक, आपण लिहिलेले सारे मला सुरुवातीला कोणी सांगितले असते तर पुष्कळ पैसे वाचले असते.

सह्यांचा अनुभव कडू आहे. सातव्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून किंग यांची सही असलेली प्रत घेतली आणि त्यासाठी वर्षभराची बचत खर्च केली. पुढे एका तज्ज्ञाने ती पाहिली आणि सही किंग यांच्या कार्यालयातील कोणाची तरी असावी, असा निष्कर्ष दिला. त्यांच्या नावाने जाणाऱ्या पत्रांवर त्यांचे सचिव सही करत, हे मला तोवर माहीत नव्हते. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. तेव्हापासून मी सहीसाठी वेगळे पैसे मोजत नाही. एखाद्या अनोळखी वाचकाने पहिल्या पानावर आपले नाव, गाव आणि तारीख लिहिलेली असेल तर तीच मला अधिक मोलाची वाटते. माझ्याकडील डेझी बेट्स यांच्या पुस्तकावर एका चर्चच्या वाचनालयाचा शिक्का आहे, आत कार्डाचा खिसा आहे आणि कार्डावर १९६३ व १९६४च्या तारखा एकापाठोपाठ उमटलेल्या आहेत. बेट्स आणि त्यांचे पती यांचे ‘अर्कान्सा स्टेट प्रेस’ हे वृत्तपत्र लिटल रॉकमधील गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश घेणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची बाजू घेतल्यामुळे जाहिराती तुटून १९५९ साली बंद पडले. त्या बाईंचे पुस्तक त्या दोन वर्षांत कोणी कोणी घरी नेऊन वाचले, हे ते कार्ड सांगते. बाजाराच्या भाषेत ही ‘ग्रंथालयातून काढलेली, सदोष’ प्रत आहे आणि म्हणूनच ती मला परवडली.

पेठवासी

मी पुण्यात असतो. अमेरिकेतून पुस्तके मागवणे टपालखर्चामुळे जमत नाही. येथे राहून अशा संग्रहाची सुरुवात करता येईल का?

जुनीपाने

@पेठवासी, जरूर करता येईल, फक्त शोधाची दिशा बदला. आपल्याकडे जुन्या बाजारात अमेरिकन आवृत्तीपेक्षा ब्रिटिश आवृत्ती सापडण्याचा संभव अधिक. ‘स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम’ लंडनच्या व्हिक्टर गोलान्झ यांनी १९५९ साली काढले आणि माल्कम यांचे आत्मचरित्र हचिन्सन यांनी १९६६ साली. या पहिल्या ब्रिटिश आवृत्त्या आहेत. अमेरिकन संग्राहक त्यांना कमी लेखतात, परंतु भारतीय वाचकाच्या हाती त्या काळी बहुधा याच आल्या असणार. फेब्रुवारी आणि मार्च १९५९मध्ये किंग स्वतः भारतात होते. मुंबईत ते मणिभवनात मुक्कामी राहिले होते. त्या सुमारास येथे कोणी हे पुस्तक विकत घेऊन वाचले असेल, तर त्या प्रतीला तिचा स्वतःचा इतिहास आहे.

संत्रानगरीकर

हा धागा वाचून मी आमच्या शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांकडे चौकशी केली. त्यांच्या कपाटात गोलान्झची १९५९ची प्रत निघाली, वेष्टणाशिवाय, कण्याला थोडी सैल झालेली. अहिंसेकडे आपण कसे वळलो हे किंग यांनी ज्या प्रकरणात सांगितले आहे, त्याच्या समासात पेन्सिलीने मराठीत बारीक अक्षरांत टिपणे आहेत. सरांच्या वडिलांचे अक्षर आहे. पुस्तक मला द्यायला सर तयार आहेत, परंतु देण्याआधी ती टिपणे खोडून प्रत स्वच्छ करून देतो, असे म्हणत आहेत. काय सांगू?

जुनीपाने

कृपया आजच त्यांना फोन करा आणि खोडरबर लावू देऊ नका. पुस्तक आडवे ठेवा, ऊन आणि ओल यांपासून जपा, कण्याला चिकटपट्टी लावू नका. समासातील टिपणांची पानापानाने छायाचित्रे घ्या आणि सरांना वडिलांबद्दल जे आठवते ते त्यांच्याच शब्दांत वेगळ्या कागदावर लिहून घेऊन पुस्तकासोबत ठेवा. त्यांची हरकत नसेल तर ती टिपणे येथे टंकून द्या. मला ती वाचायची आहेत.